आठल्यांची मुलगी अमेरिकेत खेळते

गुरुदत्त आठल्यांची मुलगी अमेरिकेत प्रोफेशनल फुटबॉल खेळते, ही गोष्ट ऑकलंडच्या मराठी मंडळात ज्याला माहीत नाही असा माणूस शोधावा लागला असता. नवीन कुटुंब आलं, त्यांना घर आणि शाळा यांची माहिती देऊन झाली, की गुरुदत्त फोन काढत. पांढऱ्या जर्सीतली सिद्धी, केस घट्ट बांधलेले, डावा हात लांब करून कुणाला तरी जागा दाखवते आहे, असा तो फोटो. "मिडफिल्डर आहे," ते सांगत. "म्हणजे सगळा खेळ तिच्या पायातून जातो."

म्हणून ती ऑकलंडच्याच एका क्लबकडून खेळायला यायची ठरली, तेव्हा विमानतळावर ते मंडळाच्या विश्वनाथकाकांना घेऊन गेले. विश्वनाथकाकांकडे चांगला कॅमेरा होता. अमेरिकेनंतर ती जिथे खेळत होती त्या स्वीडनहून तीस-एकतीस तासांचा प्रवास करून सिद्धी बाहेर आली, तर समोर कॅमेरा. तिला वाटलं होतं आई आणि बाबा दोघंच असतील. आई ट्रॉल्यांच्या गर्दीच्या मागे उभी होती आणि फोटो होईपर्यंत तिथेच थांबली.

"वेलकम होम," बाबा म्हणाले.

सिद्धी हसली. ती सव्वीस वर्षांची होती आणि या देशात याआधी एकदाच, तीन आठवड्यांसाठी आली होती.

तिचा जन्म ओहायोतल्या कोलंबसचा. गुरुदत्त पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर तिकडे गेले आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहिले ते उभेच राहिले. अठरा वर्षं झाली तरी नंबर लागला नाही. मुलगी जन्मानं अमेरिकन, आईबाप व्हिसावर. "या घरात मालकीण एकच, आपण दोघं भाडेकरू," असं तिची आई स्नेहलता म्हणायची आणि तिघंही हसायची. कॉलनीतल्या इतर मुलींबरोबर सिद्धीलाही सहाव्या वर्षी मैदानावर सोडलं, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. पण दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत प्रशिक्षकांच्या लक्षात आलं की ही पोरगी चेंडू यायच्या आधीच मान वळवून मागे बघून घेते. चेंडू पायात येईतो तो पुढे कुणाला द्यायचा हे तिचं ठरलेलं असतं. हे शिकवून येत नाही, असं त्यांनी गुरुदत्तांना सांगितलं. सतराव्या वर्षी केंटकीमधल्या एका विद्यापीठानं तिला पूर्ण स्कॉलरशिप दिली. जेवणाच्या टेबलावर बसून तिनं त्या कागदावर सही केली, आणि बाबांनी निरनिराळ्या बाजूंनी तिचे फोटो काढले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २०१७च्या मे महिन्यात, गुरुदत्तांची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा, असा नियम. मिळाली नाही. जुलैत घर रिकामं झालं. आईबाबा पुण्याला गेले आणि सिद्धी टीममधल्या एका मैत्रिणीच्या घरी राहायला गेली. ऑगस्टमध्ये त्या मैत्रिणीच्या आईनं तिला केंटकीला होस्टेलवर पोचवलं, तिच्या गादीवर चादर घातली, चादरीचे कोपरे ओढून ओढून नीट केले आणि म्हणाली, "तुझ्या आईनं हे जास्त चांगलं केलं असतं." सिद्धी त्या बाईला सोडायला गाडीपर्यंत गेली नाही. गेली असती तर गाडीत बसली असती.

पुढच्या वर्षी गुरुदत्तांना ऑकलंडला नोकरी लागली. माउंट वेलिंग्टनला घर भाड्यानं घेतलं, स्नेहलताला जवळच्या एका पाळणाघरात काम मिळालं. अमेरिकेला भेट द्यायला यायचं म्हटलं की गुरुदत्त म्हणत, "ज्या देशात अठरा वर्षं टॅक्स भरला, तिथे पाहुणा म्हणून येणार नाही." सामने मात्र ते एकही चुकवत नसत. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुपार. ऑफिसात डबा उघडून, समोर फोन टेकवून बघायचे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, घरच्याच मैदानावर तिचा गुडघा गेला. कुणी ढकललं नव्हतं, कुणी आडवं आलं नव्हतं. ती नुसती वळली आणि आत काहीतरी सुटलं. ऑपरेशन झालं. टीम बाहेरगावी सामने खेळायला जायची तेव्हा ती होस्टेलवर एकटी असायची. दोन्ही काखांत कुबड्या असल्या की जेवणाचं ताट टेबलापर्यंत कसं न्यायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस ती कॅन्टीनमधून न जेवता परत आली आणि तिनं ऑकलंडला फोन लावला.

"बाबा, मला तिकडे यायचंय," ती म्हणाली. "तिथल्या कॉलेजात शिकेन. तुम्ही रेसिडेन्सीचा अर्ज भरताय ना? पुट माय नेम ऑन इट. प्लीज."

"विचारतो," बाबा म्हणाले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "विचारलं मी. अठरा पूर्ण झाल्यावर मुलांचं नाव घेत नाहीत. आता तिकडेच घट्ट उभी राहा, बेटा." मग फोन आईकडे गेला. आईनं विचारलं, जेवलीस का. सिद्धी हो म्हणाली.

ती उभी राहिली. दहा महिने सकाळी सहाला जिममध्ये जाऊन गुडघा वाकवत राहिली. ज्यांना सुटीत घरी जायला मिळतं त्या मुलींवर मनात जळत राहिली, आणि मैदानावर परत आली ती वेगळीच होऊन आली. आधी ती हुशार होती. आता ती कुणाला भीक घालत नव्हती. चौथ्या वर्षी ती कॅप्टन झाली. कोविडमध्ये न्यूझीलंडच्या सीमा बंद झाल्या आणि आईबाबांची भेट हा विषयच संपला. कॉलेजातली पाच वर्षं झाल्यावर व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड झाली, तिसऱ्या फेरीत एकतिसावं नाव सिद्धीचं निघालं. त्या दिवशी गुरुदत्तांनी ऑफिसात पेढे वाटले आणि गोऱ्या लोकांना ड्राफ्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

त्यापुढचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोसम सुरू व्हायच्या दहा दिवस आधी सिद्धीला ऑफिसात बोलावून संघातून कमी केलं. बोलणं तीन मिनिटांत संपलं. दोन महिने तिनं लहान मुलांना फुटबॉल शिकवला. मग एकीचा गुडघा गेला आणि त्या जागी तिला परत बोलावलं. दुसरीच्या मोडलेल्या गुडघ्यावर आपली नोकरी उभी आहे, हे तिला रोज लॉकर उघडताना आठवायचं, आणि तरी ती नोकरी तिला हवी होती. दुसरा मोसम चांगला गेला. बारा सामन्यांत ती सुरुवातीपासून खेळली. बाबांच्या फोनमधला फोटो त्याच वर्षीचा. तिसऱ्या वर्षी नवा कोच आला, येताना स्वतःची मिडफिल्डर घेऊन आला, आणि सिद्धी बाकावर बसली. मग स्वीडनमधलं एक छोटं गाव, दुसऱ्या दर्जाची लीग, दुपारी तीनला अंधार. तिथेही करार संपला. एजंटनं फोनवर दोन नावं घेतली, सायप्रस आणि ऑकलंड. तो पुढे काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ऑकलंड."

तिच्या खोलीत बाबांनी तिच्या जर्सी फ्रेम करून लावल्या होत्या. कॉलेजची, अमेरिकेतल्या संघाची, स्वीडनची सुद्धा. रोज सकाळी डोळे उघडले की आपण आधी कोण कोण होतो ते भिंतीवर दिसायचं.

क्लब ठीकठाक होता. इथल्या मुली दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सरावाला येत. एक नर्स होती, एक शाळेत शिकवायची. गोलकीपर शकु ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या पुकेकोहे गावची होती. तिच्या पणजोबांनी गुजरातेतून येऊन तिथे कांद्याची शेती केली होती, आणि तिला आजीचं नाव ठेवलं होतं. बाहेरून आणलेली पगारी खेळाडू म्हणजे सिद्धी एकटीच. कोच डोना पहिल्या दिवशी म्हणाली, "मधली जागा तुझी. स्वीट ॲज?" सिद्धी म्हणाली, "स्वीट ॲज." 'ठीक आहे'साठीचा तो इथला शब्द तिनं पहिल्यांदाच वापरला होता.

पण बाबा सरावाला येऊन बसू लागले. घडीची खुर्ची, थर्मास, वही. मध्येच उठून डोनाला सांगत, तिला आणखी पुढे खेळव, अमेरिकेत ती पुढे खेळायची. डोना मान डोलवायची. सिद्धीनं दोनदा सांगितलं, "बाबा, प्लीज, ट्रेनिंगला येऊ नकोस." मग ते कुंपणाच्या बाहेर उभे राहायला लागले.

आणि पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते. मान अजूनही वेळेवर वळायची, चेंडू कुठे जायला हवा हे अजूनही आधी कळायचं, फक्त तिथे पोचायला अर्धा सेकंद जास्त लागायचा. प्रेक्षकांना ते दिसत नव्हतं. तिला दिसत होतं. जून उजाडेतो डोनालाही दिसलं.

त्या महिन्यांत तिला एक वेगळीच गोष्ट मात्र मिळाली, जी तिनं मागितली नव्हती. आई चार वाजता कामावरून यायची, आणि सराव सहाला असायचा. मधले दोन तास दोघी स्वयंपाकघरात असायच्या. सिद्धीला कळलं की आई आता गाडी चालवते, पाळणाघरातली माओरी मुलं तिला नावानं हाक मारतात, ती त्यांना किआ ओरा म्हणून नमस्कार करते तेव्हा शेवटचा रा पुण्यासारखा लांबवते. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला दोघी चालत जात. तिथला माणूस आईला विचारायचा, "ही तुझी फुटबॉलवाली?" आई म्हणायची, "ही माझी मुलगी." सिद्धी ऐकत राहायची. आईच्या आयुष्यातली आठ वर्षं आपण बघितलीच नाहीत, हे तिला डेअरीतून परत येताना, हातात दुधाची बाटली असताना, पहिल्यांदा टोचलं. खेळ सुटला तरी आपण इथेच राहावं, असं तिला वाटायला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

जुलैत डोनानं तिला बाजूला घेतलं. "मोसम संपेपर्यंत तू आहेसच. पुढच्या वर्षी आम्ही टौरंगाच्या एका मुलीला आणतोय. एकोणीस वर्षांची आहे. तू समजून घेशील." सिद्धीनं समजून घेतलं. हे वाक्य तिनं तीन देशांत ऐकलं होतं.

व्हिसा क्लबच्या कराराला बांधलेला होता. करार संपला की जायचं. म्हणून ऑगस्टमध्ये एका सकाळी ती माउंट वेलिंग्टनमधल्या एका इमिग्रेशन सल्लागाराकडे गेली. नितीश तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. नाशिकहून शिकायला आलेला, आता इथलाच. तिला बघून तो उभाच राहिला.

"तुम्ही आठल्येकाकांच्या ना? काका फोटो दाखवतात." त्यानं चहा मागवला. तिचं वय, डिग्री, नोकरी हे सगळं लिहून घेतलं. "वर्षभराचा प्रश्न नाही. अमेरिकन पासपोर्टवर वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळून जाईल. पण कायमचं राहायचं म्हणजे त्या दर्जाची नोकरी पाहिजे, आणि फुटबॉलच्या अनुभवावर ती अवघड आहे. आईवडिलांच्या जोरावर आता होणार नाही, तुमचं वय गेलं." मग तो सहज बोलावं तसं म्हणाला, "खरं तर तेव्हाच झालं असतं. काकांच्या फाइलवर मीच होतो. शिकत होतो तेव्हा, इथे पार्टटाइम यायचो. आमच्या मॅडम त्यांना दोनदा म्हणाल्या, मुलगी एकोणीसची आहे, शिकतेय, नाव घालून टाका. पण तुम्हालाच यायचं नव्हतं ना?"

सिद्धीनं विचारलं, "हे कधी?"

"दोन हजार अठरा. ऑक्टोबर असेल. मॅडम म्हणाल्या होत्या, तसं लेखी द्या. काकांनी दिलं. मुलगी तिकडे कायमची स्थायिक आहे आणि तिची यायची इच्छा नाही, असं." एवढं बोलून झाल्यावर त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचे कागद उगाच एकसारखे करत म्हणाला, "मी हे बोलायला नको होतं बहुतेक."

"नाही," सिद्धी म्हणाली. "थँक यू."

ती बाहेर येऊन शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये बसून राहिली. ऑक्टोबरमध्ये तिच्या दोन्ही काखांत कुबड्या होत्या.

तीन आठवडे ती काही बोलली नाही. शेवटचा सामना टौरंगाला होता, आणि तो खेळून झाल्याशिवाय बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. का ते तिलाही सांगता आलं नसतं; सामन्याच्या आधी डोकं स्वच्छ ठेवायचं ही सवय, एवढंच. शेवटची वीस मिनिटं डोनानं तिला मैदानात उतरवलं. संघ दोन-एकनं जिंकला. मुली व्हॅनमधून परत निघाल्या, आणि सिद्धी आईबाबांच्या गाडीत बसली.

बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. पुढे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक, बाजूला किवीफळांचा कंटेनर. काही हलत नव्हतं.

"वीस मिनिटांत खेळ फिरवलास तू," बाबा म्हणाले. "मी डोनाशी बोलतो. त्या पोरीला काय अनुभव आहे?"

"बाबा, मी नितीशला भेटले."

"कोण नितीश?"

"इमिग्रेशनचा. तुझी फाइल ज्यानं केली तो."

गुरुदत्तांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. शेजारी बसलेल्या आईनं मान खिडकीकडे वळवली.

"माझं नाव घालता येत होतं," सिद्धी म्हणाली. "त्याच्या मॅडमनी तुला दोनदा सांगितलं."

"क्लायंटचं असं बाहेर बोलायचं नसतं. त्याचं लायसन्स जाईल."

"येत होतं की नव्हतं?"

ट्रक दोन हात पुढे सरकला. बाबांनी गाडी दोन हात पुढे घेतली. "येत होतं," ते म्हणाले.

"आणि तू मला सांगितलंस..."

"काय सांगितलं ते मला आठवतंय." त्यांचा आवाज चढला नाही. "तू एकोणीस वर्षांची होतीस. रडत होतीस. एक गुडघा गेला म्हणून सगळं टाकून येणार होतीस. आली असतीस, स्कॉलरशिप गेली असती, आणि दोन वर्षांनी मलाच म्हणाली असतीस, बाबा, मला थांबवलं का नाहीस. मागे दार उघडं असतं तर तू एक पाऊल पुढे टाकलं नसतंस. मी ओळखतो तुला."

"ते मी ठरवलं असतं."

"तू काय ठरवशील ते दिसत होतं, म्हणून तर सांगितलं नाही." ते आता आरशातून तिच्याकडे बघत होते. "आणि झालीस की नाही? आपल्या अख्ख्या नात्यात, इथे ऑकलंडमध्ये, कुणाची मुलगी अमेरिकेत प्रो खेळली? इथे आली असतीस तर काय झाली असतीस? कुठल्या तरी ऑफिसात असतीस."

"हो. कुठल्या तरी ऑफिसात असते आणि संध्याकाळी घरी जेवले असते." सिद्धी पुढे झुकली. "मी अमेरिकेत प्रो होते ते सगळं धरून, मैदानावर किती मिनिटं होते माहितीये तुला?"

तिला वाटलं होतं, या प्रश्नावर ते गप्प होतील.

"एक हजार दोनशे छत्तीस," बाबा म्हणाले.

तिला स्वतःला तो आकडा माहीत नव्हता. तिनं मनात भागाकार केला. "वीस तास," ती म्हणाली. "वीस तास आणि वर थोडं. एवढ्यासाठी मला आठ वर्षं तिकडे ठेवलंस?"

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, रांग पुढे गेली होती.

तेव्हा आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सही माझीही होती त्याच्यावर."

नितीशच्या ऑफिसातून निघाल्यापासून सिद्धीनं एक जागा राखून ठेवली होती. आईला माहीत नसेल. बाबांनी परस्पर केलं असेल. तीन आठवडे ती याच आधारावर आईच्या हातचं जेवत होती. ती मागे टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी ती दोन बॅगा घेऊन शकुकडे पुकेकोहेला गेली. जर्सी भिंतीवरच राहिल्या. शकुनं काही विचारलं नाही. तिच्या घरात माणसं येत-जात असायची, आणि मागच्या शेतातून येणाऱ्या कांद्यांच्या वासाची सवय झाली की तिथे झोप चांगली लागायची.

बाबांचा पहिला मेसेज तिसऱ्या दिवशी आला. वर्किंग हॉलिडेचा अर्ज त्यांनी तिच्या वतीनं पूर्ण भरला होता. पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, पत्ता, सगळं. खाली लिहिलं होतं, "फक्त तू बघून सबमिट कर." सिद्धीनं तो उघडून शेवटपर्यंत वाचला. कुठे एक चूक नव्हती. मग तिनं तो बंद केला आणि ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजला मेल लिहिली. तिथे असिस्टंट कोचची जागा निघाल्याचं तिला ऑगस्टपासून ठाऊक होतं.

आई दर दोन दिवसांनी ट्रेननं यायची, मध्ये गाडी बदलून. डबा आणायची नाही, हे सिद्धीच्या लक्षात आलं. बहुधा डबा परत जाईल अशी तिला भीती वाटत असावी. दोघी शेतांच्या कडेनं चालत. पहिल्या दोन खेपांना हवापाण्याचं बोलल्या. तिसऱ्या खेपेला आई आपणहून म्हणाली, "पुण्याला परत गेलो ना आम्ही, तेव्हा तो सहा महिने घराबाहेर पडला नाही. लोक विचारायचे, अमेरिका का सोडली. तो म्हणायचा, मुलगी तिकडे आहे, खेळते. एवढंच एक होतं त्याच्याकडे सांगण्यासारखं. तू इकडे आली असतीस तर तेही गेलं असतं."

"मी त्याचं नाही विचारत," सिद्धी म्हणाली. "मी यावं असं तुला वाटत होतं का?"

"हो."

"कधी?"

"रोज."

"मग सही का केलीस?"

आई थांबली. बांधापलीकडे दोन माणसं लेट्यूसच्या ओळीत वाकून काम करत होती.

"तू लांब होतीस," ती म्हणाली. "फोनवर पाच मिनिटं रडायचीस, मग फोन बंद व्हायचा. तो रोज समोर होता."

सिद्धीला या उत्तराचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण उत्तर खोटं नव्हतं. बाबांनी काहीतरी मोठं कारण दिलं होतं, दाराचं नि पावलाचं. आईनं खरं ते सांगितलं. खरं ऐकून बरं वाटतं असं लोक म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. ती आईला स्टेशनपर्यंत सोडायला गेली, गाडी येईपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिली, आणि आईनं तिचा हात धरला तेव्हा तिनं तो सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

कॉलेजचं उत्तर आठवड्यात आलं. सप्टेंबरच्या शेवटी ती निघाली. शकुनं विमानतळावर सोडलं. आई आधीच येऊन थांबली होती. बाबाही होते, या वेळी कॅमेऱ्याशिवाय. ते जरा मागे उभे राहिले. बॅगा आत गेल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "विमानात गुडघा आखडतो. मधूनमधून चालत जा."

"हो," सिद्धी म्हणाली.

त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं. ती थांबली, मोजून दहा-बारा क्षण थांबली असेल. मग ती आत गेली.

ओहायोत तिला नवी खोली मिळाली. सकाळी मुलींचा सराव, दुपारी व्हिडिओ, संध्याकाळी पुन्हा सराव. आईशी ती रविवारी बोलायची, बाबांचे मेसेज वाचायची आणि त्यांतल्या सामन्यांबद्दलच्या प्रश्नांना तेवढी उत्तरं द्यायची. बाकीच्या प्रश्नांना द्यायची नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी आईनं सांगितलं की मंडळाच्या कार्यक्रमात सिद्धीचा सत्कार झाला. विश्वनाथकाकांनी फार पूर्वीच ठरवून ठेवला होता, रद्द करणं बरं दिसलं नसतं. शाल आणि श्रीफळ बाबांनी घेतलं.

"बोलला तो?" सिद्धीनं विचारलं.

"बोलला. दहा-पंधरा मिनिटं. चांगलं बोलला. तू गुडघ्यातून कशी उठलीस ते सांगितलं. एकटीनं, तिकडे कुणी नसताना. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं."

खिडकीबाहेर मुली मैदानावर जमायला लागल्या होत्या. सिद्धी म्हणाली, "आई, मला प्रॅक्टिस आहे," आणि तिनं फोन ठेवला.